कोइमतूरच्या झेरॉक्सच्या दुकानातला भंडारा

देव आहे की नाही, याची शंका मला कधी आली नाही. शंका होती ती वेगळी. आपल्यासारख्या साध्या माणसाच्या कामात तो खरंच लक्ष घालत असेल का, ही. आमच्या घरात बिरोबाला कौल लावल्याशिवाय बोअर मारत नाहीत की सोयरीक जमवत नाहीत. देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि बघत बसायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी सांगलीत चार वर्षं बी.एस्सी. नर्सिंग केलेली मुलगी, जीभ तशी तिखट. माझी नोकरी एका पाकळीवर अडावी, हे मला मुळीच पटत नव्हतं. गंमत अशी की आमच्या कडेगाव-विट्याकडचे निम्मे बाप्ये सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी पार केरळ-बंगालपर्यंत पसरलेत. त्यांना गलाईवाले म्हणतात. ते निघाले तेव्हा कुणी कौल लावल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. पोरगी निघाली की मात्र सगळ्यांना देव आठवतो.

कोइमतूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलची जागा मला मिळाली ती मोबाईलवरच्या मुलाखतीतून. गावात रेंज नाही, म्हणून साताऱ्याला मामांकडे जाऊन, त्यांच्या गच्चीवर खुर्ची टाकून मी ती दिली होती. निवड झाल्याचं पत्र आलं आणि मी हवेतच गेले. आईचं म्हणणं होतं, शिरवळला एखाद्या कारखान्याच्या दवाखान्यात लाग, शनिवारी घरी येशील. पण मला मोठं हॉस्पिटल हवं होतं, जिथं रोज नवं काहीतरी शिकायला मिळेल. शेवटच्या वर्षाला आमच्या मॅडम घसा कोरडा करून सांगायच्या, "दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर परीक्षेच्या आधीच ठरवा. निकाल लागला, इथली नोंदणी झाली की लगेच ना-हरकत दाखल्याला अर्ज करा. आधी कागद, मग तिकीट." मी मागच्या बाकावर बसून हसत होते. पहिला नंबर काढणाऱ्या मुलीला कोण अडवणार, अशी माझी घमेंड होती.

कौल लावला त्या दिवशी दोन्ही पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. सकाळपासून ऊन माथ्यावर येईपर्यंत माझे वडील, आबा, हात जोडून बसले होते. शेवटी ते पुजाऱ्याला म्हणाले, "देव बोलंना झालाय गड्या."

"गप बसला म्हंजी तुमचं तुमी बगा म्हनतोय," पुजारी म्हणाला.

"गप बसला म्हंजी न्हाईच की," आई पदरानं तोंड पुसत म्हणाली.

आबा उठले. मग त्यांनी माझी कागदपत्रांची फाईल घेतली, देवाच्या पायाशी उघडून ठेवली आणि तिच्यावर भंडारा उधळला. चिमूटभर नव्हे, चांगला मूठभर. मी ओरडले, "आबा, ओरिजिनल हायत ती." आबा म्हणाले, "आसूं दे. देवाचं हाय, त्येनं काय वंगाळ हुतंय? जा तू." मी फाईल झटकली, पुसली, पण हळद ती हळद. मला देवाचा राग आला होता. होकार द्यायचा नव्हता तर नकार तरी द्यायचा. वर माझे कागद पिवळे करून ठेवले. मिरजेला गाडीत बसले तेव्हा मी बिरोबाला नमस्कारसुद्धा केला नाही. हे आज लिहितानाही लाज वाटते.

सोमवारी हॉस्पिटलात हजर झाले. भरती बघणाऱ्या बाई शांत होत्या. त्यांनी कागद चाळले आणि इंग्रजीत विचारलं, "तुमच्या राज्याच्या नर्सिंग परिषदेचा ना-हरकत दाखला?" मी महाराष्ट्राची नोंदणी पुढं केली. त्या म्हणाल्या, ही ठीक आहे, पण दाखल्याशिवाय इथली नोंदणी होत नाही आणि इथल्या नोंदणीशिवाय मी तुम्हाला रुग्णाला हात लावू देऊ शकत नाही. शुक्रवारपर्यंत दाखला आणा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. मी अजून अर्जसुद्धा केला नव्हता. मॅडमचा कोरडा पडलेला घसा मला तेव्हा आठवला. त्यांचं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती. यात कुणाचाच दोष नव्हता, माझ्याशिवाय.

अर्जासाठी प्रती काढायला समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. मशीनवर कागद ठेवला तशी काच पिवळी झाली. दुकानदार तमिळमध्ये बडबडायला लागला. मला त्यातलं अक्षर कळेना, मी ओढणीनं काच पुसतेय, डोळ्यांतनं पाणी चाललंय. आणि मागून आवाज आला.

"ह्यो कुठल्या देवाचा भंडारा गं?"

मी वळले. पन्नाशीच्या एक बाई, हातात नातवाच्या शाळेचे कागद, कपाळाला मोठं कुंकू. मी म्हणाले, "बिरोबाचा." त्या म्हणाल्या, "आनि तू कुनाची, कुठली?" मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी काचेवरचा भंडारा बोटानं टिपला, आधी स्वतःच्या कपाळाला लावला, मग माझ्या. "माझं म्हायार तुज्या गावापासनं दोन कोसावर हाय. चल घरी. आदी खा कायतरी, मग रड."

त्या तिथल्या एका गलाईवाल्याच्या घरच्या, सगळे त्यांना काकी म्हणायचे. वीस वर्षं तिथं राहून तमिळ अशी बोलायच्या की भाजीवालासुद्धा गप्प बसायचा. त्यांनी मला जेवू घातलं, त्यांच्या गलाईच्या दुकानातल्या संगणकावर माझा अर्ज भरायला बसवलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर हॉस्पिटलात आल्या. भरतीच्या बाईंशी तमिळमध्ये काय बोलल्या ते मला आजही नीट ठाऊक नाही. मध्येच माझ्याकडं बोट दाखवलं, मध्येच दोघी हसल्या. शुक्रवारची मुदत पुढच्या शुक्रवारी दुपारपर्यंत गेली. दाखला माझ्याकडं न येता परिषदेकडून थेट हॉस्पिटलच्या मेलवर येणार, असं ठरलं. बाहेर आल्यावर काकी म्हणाल्या, "हिकडं नवं मानूस आलं की आमी ठिवून घेतोच. आमालाबी कुनीतरी ठिवून घेतलं हुतं." ज्यांना मी मघाशी नावं ठेवली ते हेच गलाईवाले. त्यांच्याच माजघरात मी दहा दिवस लेकीसारखी राहिले.

रोज सकाळी परिषदेच्या कार्यालयात फोन लावायचे. रोज तेच उत्तर, काम चालू आहे. पुढच्या आठवड्यातला बुधवारही गेला. गुरुवारी दुपारी मी हरले. काकींच्या माजघरात बसून कपड्यांच्या घड्या घालायला लागले. नवा कोरा गणवेश पिशवीत सगळ्यात खाली घातला, आणि जी रडायला लागले ती दिवेलागणीपर्यंत. काकी समजावून थकल्या. शेवटी म्हणाल्या, "बास झालं आता. तुझं करून झालंय नव्हं सारं? मग त्येचं त्येला करूं दे की."

शुक्रवारी सकाळी अंघोळ करून त्यांच्या देव्हाऱ्यापुढं उभी राहिले. आजवर मी देवाकडं मागितलं तरी होतं किंवा त्याच्याशी भांडले तरी होते. त्या दिवशी दोन्ही जमेना. मनात एवढंच आलं, ठेवशील तशी राहीन. इथं ठेवलंस तर इथं, नाही ठेवलंस तर परत जाईन, शिरवळला लागेन, पण नर्सच राहीन. आणि खरं सांगते, कितीतरी दिवसांनी मला भूक लागली. दोन भाकऱ्या खाऊन, पिशवी घेऊन मी निवडीचं पत्र परत करायला हॉस्पिटलात गेले, काकी सोबत होत्याच.

भरतीच्या बाईंनी माझी पिशवी बघितली आणि विचारलं, "कुठं निघालात?" मग त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडं वळवला. माझ्या परिषदेचा दाखला होता. आलेला होता गुरुवारी दुपारी तीन वाजता. त्या रजेवर होत्या, मेल आज उघडला होता. मी काकींना मराठीत सांगितलं तेव्हा त्या कंबरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिल्या.

"काल दुपारीच आलं हुतं? मग सांजंपतूर रडत कशाला बसलीस बया?"

मी हसायला लागले आणि हसता हसता पुन्हा रडले.

तिथली नोंदणी पुढं रीतसर झाली आणि आज मी त्याच हॉस्पिटलात शस्त्रक्रियेच्या वॉर्डात आहे. सातारा-सांगलीकडच्या मुली फोन करतात, "ताई, कवा निघू?" मी मॅडमचंच सांगते. शेवटच्या वर्षातच ठरवा, इथली नोंदणी झाली की त्याच आठवड्यात दाखल्याला अर्ज करा, जाल त्या गावात आपलं माणूस शोधून ठेवा. जेवढं आपल्या हातात आहे तेवढ्यात कसूर नको. माझी कसूर देवानं पोटात घातली, पण ती कसूरच होती.

हा चमत्कार होता का, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. परिषदेतल्या कुणा अनोळखी माणसानं आपलं काम केलं, एवढंही म्हणता येईल. त्या माणसाचेही माझ्यावर उपकार आहेत, काकींचे तर जन्मभराचे आहेत. पण आता वॉर्डात एखाद्या रुग्णाची बायको दाराशी बसून रडत असते, आत ऑपरेशन सुखरूप होऊन गेलेलं असतं आणि निरोप तेवढा तिच्यापर्यंत पोचायचा असतो, तेव्हा मी चालत जात नाही, पळत जाते.