आजीचं ठेवणीतलं नाव

माझ्या सासूबाईंचं नाव मी आजवर तोंडाने घेतलेलं नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचं नाव धाकट्यांनी घ्यायचंच नसतं. लिहायला मात्र कोणी अडवलेलं नाही, म्हणून लिहिते. नेर्गुई. म्हणजे बिननावाची. त्यांच्या आधीची भावंडं तान्हेपणीच गेली होती, म्हणून मृत्यूला चकवायला आईने हे नाव ठेवलं. बिननावाच्या पोरीला तो शोधणार तरी कुठे?

आणि खरंच, त्याला त्या सापडल्या नाहीत. गोबीच्या वाळवंटातले ऐंशी हिवाळे त्यांनी अंगावर काढले. एका वर्षी खोऱ्यातली जनावरं उभ्या उभ्या गोठली, तेव्हा या आमचे उंट घेऊन एकट्याच डोंगराआड गेल्या. आम्ही आशा सोडली होती. बर्फ वितळल्यावर सगळे उंट पुढे घालून परतल्या आणि मलाच म्हणाल्या, "चहा टाकलास का, की माझं सुतक पाळत बसली होतीस?" मी त्यांना तेव्हाही घाबरायचे, आजही घाबरते.

माझी मुलगी सारुल. तिच्या पहिल्या मुलीचं नाव आम्ही हौसेने सोलोंगो ठेवलं, म्हणजे इंद्रधनुष्य. ती गेली. दुसऱ्या खेपेला शहाणे झालो आणि मुलाचं नाव ठेवलं एनेबिश, म्हणजे 'हा नव्हे'. तोही गेला. दोघांचंही जावळ काढायचं राहिलं. मग ही तिसरी आली, मुठीएवढी.

नाव ठेवायच्या दिवशी गेरमध्ये, आमच्या लोकरीच्या गोल तंबूत, आम्ही घरचेच होतो. सारुल बाळाला छातीशी धरून बसली होती, कोणाच्या हातात देत नव्हती.

"या खेपेला याहून वाईट शोधू," जावई छुलून म्हणाला. "हुन्बिश ठेवू. 'माणूसच नव्हे'."

"तुझंच ठेव ते. शोभेल तुला," सासूबाई म्हणाल्या.

मी धीर करून म्हटलं, "आई, नाव वाईटच हवं. तुम्हाला लागू पडलंच ना?"

तशी सारुल उसळली. "चांगलं ठेवलं, ती गेली. वाईट ठेवलं, तो गेला. नाव नकोच हिला! ही राहिली पाहिजे, बाकी मला काही नको."

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली.

"लागू पडलं म्हणे! माझी आई चारचौघांत मला बघून विचारायची, कुणाचं गं हे उनाड पोर? कधी जवळ घेतलं नाही, न जाणो कोणी पाहिलं तर! मरताना मात्र मला म्हणाली, वाक. म्हणाली, जन्मलीस तेव्हा तुझ्या कानात मी दुसरंच नाव सांगितलंय. कोणाला कळू दिलं नाही."

माझे यजमान, त्यांचा पोटचा मुलगा, तोंड उघडं टाकून आईकडे बघत राहिले. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं मी या बाईच्या हाताखाली काढली, तिच्या शिव्या खाल्ल्या, आणि तिचं नावच मला माहीत नव्हतं.

सासूबाईंनी हात पुढे केले. सारुलने इतका वेळ कोणाला न दिलेलं बाळ त्यांच्याकडे दिलं. त्यांनी बाळाच्या उजव्या कानाशी तोंड नेलं, आणि गेर इतकं शांत होतं की आम्हालाही ऐकू आलं.

"चिमेग. चिमेग. चिमेग."

चिमेग म्हणजे दागिना.

"आजी," सारुल घाबरून म्हणाली, "इतकं चांगलं नाव? पुन्हा नजर लागली तर?"

"नवं असतं तर लागली असती. हे ऐंशी वर्षं अंगावर वापरलंय मी. जुन्या कापडाचं झबलं बाळाला टोचत नाही. आणि माझं नाव आहे ते. मी बसलेय तोवर तुमच्यापैकी कोणाची टाप आहे ते तोंडातून काढायची?"

"मग आम्ही हाक काय मारायची?" छुलूनने विचारलं.

त्या काडीसारख्या पोरीकडे बघत त्या म्हणाल्या, "बोंडगोर म्हणा. गोलमटोल." यजमानांना हसू फुटलं. मग सारुललाही.

त्या हिवाळ्यात बोंडगोर दोनदा तापाने फणफणली. सारुलच्या तोंडचं पाणी पळालं. सासूबाई बाळाला आपल्या कोटाच्या आत घेऊन बसायच्या आणि कानात ते नाव सांगत राहायच्या. ताप उतरला. कशाने, ते मी सांगू शकत नाही.

तिला दोन वर्षं झाल्यावर जावळाचा दिवस ठरला. पाहुणे आले, कात्रीला निळं रेशमी वस्त्र बांधलं, आणि पोरगी जागेवर नाही! बघतो तर लांब, उंटांच्या कळपाच्या रोखाने चाललेली. वारा आमच्या तोंडावर येत होता. सारुल धावली, आम्ही सगळे "बोंडगोर, बोंडगोर" करून ओरडलो, पण पोरगी वळून बघेना.

तेव्हा सासूबाई दाराची चौकट धरून बाहेर आल्या. पाठ ताठ केली. ज्या आवाजाला उंटही खाली बसतात, त्या आवाजात त्यांनी हाक मारली, "चिमेग!"

त्या माळावर कोणी ते नाव असं उघड्यावर कधीच पुकारलं नव्हतं. पोरगी थांबली. वळली. "ओ!" म्हणाली आणि दोन्ही हात पसरून धावत निघाली.

सासूबाईंनी चौकट घट्ट धरली होती. जन्मभरात पहिल्यांदा त्यांच्या नावाला कोणी ओ दिली होती.