रंभाचे मोकळे हात

वर्तकनगरच्या दोन खोल्यांतली आतली खोली आता विश्रामच्या पोटाची झाली होती. दोन्ही मूत्रपिंडं निकामी, पोटात कायमची बसवलेली नळी. दिवसातून चार वेळा त्या नळीतून जुनं पाणी काढायचं नि पिशवीतलं नवं भरायचं. करायचं सगळं त्याच्या बायकोनं, रंभानं. दार बंद, खिडकी बंद, पंखा बंद, दोघांच्या तोंडाला मास्क. हात कोपरापर्यंत धुवायचे, आणि त्याआधी बांगड्या उतरवायच्या.

हे शेवटचं तिला सुरुवातीला जमलं नाही. नवरा जिता असताना हात मोकळे कसे करायचे? ती बांगड्या नुसत्या कोपराकडे सरकवायची. एके सकाळी पोटातलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ आलं. विश्राम तापानं वाकडा झाला, बारा दिवस हॉस्पिटलात. डॉक्टर म्हणाले, हातावरचे जंतू पोटात गेलेत, पुन्हा असं झालं तर नळी काढावी लागेल. नर्स रंभाच्या हातातल्या बांगड्यांकडे बघत राहिली.

तेव्हापासून रंभानं बांगड्या घालणंच सोडलं. चार वेळा घाला, चार वेळा काढा, एवढं बळ कुणाच्या अंगात आहे?

विश्रामची थोरली बहीण केशरबाई संगमेश्वराकडून भावाला बघायला आली, ती नेमकी दुपारच्या पाण्याला. रंभा धुतलेले हात वर धरून मोरीतून निघत होती.

“काय गो रंभे, हात मोकले?”

“वन्स, शिवू नका. आत्ता धुतलेत.”

“माझा भाव जिता हाय ना?” केशरबाईनं मनगट धरलंच. “माझे हात बघ. धनी जाऊन तेरा वर्सं झाली. हौसेनं ठेवलेत काय असे?” गावाहून आणलेल्या डझनभर हिरव्या बांगड्या तिनं चढवल्यासुद्धा.

“ऱ्हाऊ दे गो आजच्या दिवस,” आतून विश्राम म्हणाला. “ताय एवढ्या लांबनं आलीय.”

रंभालाही वाटलं, उरकावं तसंच. पाय भरून आले होते. खाटेशी जाऊन तिनं नळीच्या टोपणाकडे हात नेला, आणि मागं घेतला.

“दुखणार तुम्हाला, निस्तरणार मी,” असं म्हणून ती परत मोरीत गेली. साबण लावून एकेक काढली. दोन फुटल्या. कुठं ओरखडा नाही ना, ते उजेडात निरखलं, पुन्हा हात धुतले. केशरबाईनं तोंड फिरवलं.

दार लागलं. पोटातलं पाणी खालच्या पिशवीत उतरलं. रंभानं पिशवीखाली वर्तमानपत्र सरकवलं. पाणी नितळ होतं, त्यातून बारीक अक्षरंही वाचता आली.

“झाला काय?” बाहेरून केशरबाई.

“नवं भरायचंय अजून. बसा.”

अर्ध्या तासानं दार उघडलं तर वन्स उंबऱ्याशीच. पदरात उरलेल्या दहा बांगड्या.

“परत कवा?”

“सहाला.”

“मग तवर तरी घाल.”

वाद घालण्यापेक्षा हात पुढं करणं सोपं होतं. “सहाला काढीन,” रंभा म्हणाली.

“काढ,” केशरबाई म्हणाली, आणि तिच्याकडं न बघता एकेक चढवत गेली.