रद्दीची वेलांटी

न्हावा शेव्याच्या बसमध्ये शेजारच्या माणसानं मला कोपरानं ढोसलं. पोटावर ताणलेला शर्ट, गळ्यात बंदराचा पास आणि मोबाइल थेट माझ्या नाकापाशी. "तुमी मराठी ना? वाचा!"

मी वाचलं. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं, फुकट वापरायचं मालाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर होतं. बटणावर 'रद्द करा'ऐवजी लिहिलं होतं, 'रद्दी करा'.

"कंटेनरभर माल हाय. रद्दीवाल्याला देऊ काय?"

त्यानं दुरुस्ती पाठवली होती. पण सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या परदेशी गृहस्थाला आणखी एका मराठी माणसाचा दुजोरा हवा होता. मग काय, या गड्यानं बसमध्येच मला त्या सॉफ्टवेअरच्या साइटवर खातं उघडायला लावलं आणि 'बरोबर आहे' असं लिहून घेतलं. बंदर येईपर्यंत दुरुस्ती मंजूर! त्यानं कंडक्टरसकट आख्ख्या बसला मोबाइल दाखवला.

"एवढ्याशा वेलांटीसाठी?" मी हसलो.

"काढलेली वेलांटी कोनाला दिसते काय? म्हनून बोंबलायचं!"

येडाच आहे, म्हणत मी उतरलो. हल्ली कुठल्याही स्क्रीनवर 'रद्द करा' दिसलं, की मीच शेजाऱ्याला कोपरानं ढोसतो.