नारळाच्या दुधाला लागलेली फॅट

गावच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष असताना मी स्वयंपाकघरात किटलीभर दारू बनवली, हे खरं आहे.

कारण माझा धाकटा भाऊ दिलीप. तो फौजेतून निवृत्त होऊन येणार होता. तिकडे त्याला मलईच्या गोड दारूची चटक लागली होती. पण दूध त्याला पचत नाही. एक घोट आनंदाचा आणि पुढचा सगळा दिवस परसाकडच्या वाटेवर! माझ्या मुलीनं मोबाईलवर शोधून सांगितलं, की तीच दारू नारळाच्या दुधात करता येते. भेट द्यायला याहून चांगलं काय?

त्या वर्षी दुष्काळ असा, की म्हैस गुरांच्या चारा-छावणीत, आमचे हे म्हशीसोबत छावणीत आणि निघेल ते दूध सगळं सहकारी डेअरीत. घरात चहासुद्धा काळा. नारळ मात्र मुबलक! पाऊस पडावा म्हणून गावानं मारुतीपुढे इतके नारळ फोडले होते, की घरोघरी खोबऱ्याच्या वाट्या पडून होत्या. (देवानं पाऊस दिला नाही, पण कच्चा माल दिला.) व्होडकाची बाटली दिलीपनंच मागे ह्यांना दिली होती. ती मी अध्यक्ष या नात्यानं जप्त करून तुरीच्या डाळीत पुरली होती. ती उकरून काढली.

खोबरं वाटलं, पिळलं, साखरेचा पाक आणि वेलदोडा घातला, वरून व्होडका. पांढरंशुभ्र, दाट झालं. वीज नव्हती, म्हणून किटलीत भरून रांजणाशेजारी ओल्या पोत्यात गार करायला ठेवलं.

छावणीतून आलेली दुधाची किटलीही सकाळी तिथंच ठेवायची आमची पद्धत. तिथून सासूबाई ती डेअरीवर न्यायच्या. मी पाण्याच्या टँकरवरून घरी आले, तर दुधाची किटली जागेवर आणि माझी गायब! आत्यांच्या (सासूबाईंना मी आत्याच म्हणते) नाकात कायम तपकीर. त्यांना वास कुठला येणार? मी हंडे टाकून पळत सुटले.

डेअरीवर वेगळंच चाललं होतं. छावणीत चारा म्हणून मिळणाऱ्या उसाच्या वाढ्यांवर म्हशींचं दूध इतकं पातळ झालं होतं, की तालुक्याची गाडी आमचे कॅन परत पाठवण्याच्या बेतात होती. डेअरीचे चेअरमन नाना त्या काळजीनं वाळले होते. त्यांनी आमच्या किटलीतला नमुना फॅट मोजायच्या मशीनला लावला आणि एवढा मोठा आकडा बघून मशीनच बिघडली असं समजले. पुन्हा लावला. आकडा तोच. मला बघताच ते म्हणाले,

"वैनी, काय चारताव म्हशीला?"

मी दम खातेय तोवर आत्याच बोलल्या, "काय न्हाई. माझा हात फिरतो तिच्या पाठीवरून." (महिनाभर त्यांनी म्हशीचं तोंड पाहिलं नव्हतं.)

दुधाला वेलदोड्याचा वास येतोय म्हणून नाना आणखीच खुलले. आमच्या किटलीनं अख्ख्या गावाची फॅट वर येईल असा हिशेब करून त्यांनी ती उचलली आणि मोठ्या कॅनवर तिरकी धरली. रांगेत माझी सगळी समिती उभी. गप्प बसावं तर गावाचं दूध नासतंय, बोलावं तर माझी अब्रू जातेय.

"नाना, थांबा. ते दूध न्हाई."

"मग काय हाय?"

"दारू हाय."

नाना किटलीत डोकावले आणि अगदी हळू म्हणाले, "म्हैस दारू कावून द्यायली?"

मग मी नारळापासून भावाच्या पोटापर्यंत सगळं सांगितलं. समितीच्या सचिव शांताबाई पुढं आल्या. नियम सगळ्यांना सारखा, पंचनामा होणार, असं त्यांनी जाहीर केलं. किटली डेअरीच्या खोलीत गेली. पुरुषांना बाहेर काढून दार लावलं. ही दारूच आहे हे आधी सिद्ध व्हायला हवं, म्हणून एकेकीनं दुधाच्या मापानं घोट घेतला. एका घोटात नक्की सांगता येत नाही, यावर एकमत झालं. आत्यांनी साक्षीदार म्हणून जास्तीचं माप घेतलं. थोड्या वेळानं आत गाणी सुरू झाली.

नानांनी बाहेरून कडी वाजवली. "ठरलं का?"

"आजून न्हाई," आतून आत्या म्हणाल्या.

किटलीचा तळ दिसला तेव्हा ठरलं. दारूच होती. पुन्हा करायची नाही. अध्यक्षपद माझ्याकडेच राहिलं, कारण दुसरी कोणी उभी राहण्याच्या स्थितीत नव्हती. दिलीपला टॉवेल-टोपी दिली.

जाताना शांताबाई दाराला धरून एवढंच म्हणाल्या, "ताई, गोडाला कमी झालंय."

दारू केली म्हणून मला आजवर कुणी टोमणा मारलेला नाही. पण गावात कुणाचंही लग्न निघालं, की बायका आधीच बजावतात, "अध्यक्षांना शिऱ्यापाशी बसवू नका, भाकरी थापायला बसवा!"