पॅडलला बांधलेला पाय

आमच्या मागच्या खोलीत एक क्रॉस ट्रेनर आहे, उभ्यानं जागच्या जागी चालायचं व्यायामाचं यंत्र. घरी येणारा प्रत्येक जण तो पाहून माझं कौतुक करतो. तो तिथं का आहे, याचं खरं कारण मात्र आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही — मुलीजवळ नाही, देवासमोर हात जोडतानाही नाही, आणि कुसुमजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसाला सांगायची माझी छाती नाही.

मी आर्वीत एका शाळेत व्यायामशिक्षक होतो. जन्मभर गळ्यात शिट्टी अडकवून पोरांना पळवलं. गावात कुठंही जा, कुणीतरी गाडी थांबवून 'नमस्कार सर' म्हणणारच. ते मला फार आवडायचं. खोटं कशाला बोलू — अजूनही आवडतं. साठी उलटली तरी पोट सुटलं नाही, पाठ ताठ. रस्त्यानं जाताना लोकांनी पाहावं, असं मनातून वाटायचं. या सगळ्याचा कुसुमशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. तोच तर सांगायचाय. मी उगीच लांबण लावत नाहीये — की लावतोय? बहुतेक लावतोय.

कुसुम माझी बायको. रोहण्याची, शेतकऱ्याघरची. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्यासोबत माहेरी गेलो, तेव्हा बसमधून उतरल्यावर ती शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून अशी सपासप निघाली, की मी व्यायामशिक्षक असून मागं पडलो. तिला चालणं म्हणजे माणसं. भाजीला जायचं तर सगळी ओळखीची दारं करत जायचं, कुणाच्या लोणच्यात मीठ जास्त झालं तेही ऐकून यायचं. मी तिला चिडवायचो, तुझी कोथिंबीर घरी येईस्तोवर वाळते म्हणून.

एका सकाळी तिच्या हातातून चहाची बशी सुटली. वाकून उचलायला गेली आणि तिथंच बसली. डावी बाजू गेली होती. वर्ध्याला दवाखान्यात काढलेल्या त्या दिवसांबद्दल लिहीत नाही, तिथं मी चांगला वागलो. खरंच वागलो. हळूहळू तिची जीभ ताळ्यावर आली, हातही आला. डावा पाय तेवढा ओढत राहिला आणि ओठांचा कोपरा किंचित खाली उतरला.

पुढची तपासणी आर्वीतल्याच डॉक्टरांकडे होती. कुसुम बाहेर बाकावर बसली होती आणि डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. म्हणाले, "सर, तुमचा तर विषयच आहे हा. मशीन-बिशीन काही नको. रोज हात धरून बाहेर चालवा, माणसांत न्या. हे सुरुवातीचे महिने हातचे घालवू नका, नंतर पाय ऐकत नाही." हे शब्द फक्त मी ऐकले. दाराच्या पलीकडं बसलेल्या कुसुमनं ऐकले असते, तर मला आज हे लिहावं लागलं नसतं.

काही दिवस मी तिला नेलं. संध्याकाळी, बस डेपोच्या रस्त्यानं. तिचा डावा हात माझ्या हातात. तिची चप्पल घासायची — खर्र, मग थांबणं, मग पुन्हा खर्र. त्या आवाजानं लोक वळून पाहायचे. आणि ती? ती खूश होती. तिला वाटायचं, लोक तिची चौकशी करायला वळतात. बहुतेक खरंही तेच होतं.

आणि मग ती संध्याकाळ. इथवर आलो की माझा हात थांबतो... पण आता थांबलो तर पुन्हा कधीच सांगणार नाही.

डेपोच्या अलीकडं माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आता मोठा झालाय, दुकान आहे त्याचं, सोबत बायको होती. शाळेत असताना त्याला मी जिल्ह्यापर्यंत पळवला होता. गाडीवरून उतरून पाया पडला आणि विचारलं, "सर, काकूले बरं वाटते आता?" बस्स. एवढंच. हसला नाही, नक्कल केली नाही, कुजबुजला नाही. कुणी हसलं असतं, तर माझ्याजवळ निमित्त तरी असतं. कुणीही हसलं नाही हो. त्याच्या डोळ्यांत कीव होती, आणि ती माझ्यासाठी होती — ज्यानं त्याला पळायला शिकवलं त्या माणसासाठी. ते मला सोसलं नाही.

तो गेला आणि मी कुसुमचा हात सोडला.

मोबाईल काढून कानाला लावला. फोन आलाच नव्हता. 'हॅलो, हां, बोला' करत मी पुढं निघालो — माझ्या नेहमीच्या चालीनं, पाठ ताठ ठेवून. मागून आवाज आला, "अवो, थांबा ना. पाय नाई उचलून राह्यला." मी ऐकलं. नीट ऐकलं. थोड्या वेळानं पुन्हा, "अवो, काऊन एवढे पुढं चालले?" मी वळलो नाही. वळणापर्यंत गेलो आणि तिथं उभं राहून मुक्या फोनशी बोलत राहिलो. ती कम्पाउंडच्या भिंतीला धरून, एकेक पाऊल ओढत आली. घामानं भिजली होती. तक्रार केली नाही. फक्त विचारलं, "कोनाचा फोन होता?"

डॉक्टरांचा, म्हणालो. का म्हणालो, आधी ठरवलं होतं का — काही ठरवलं नव्हतं. पण एकदा तोंडातून गेलं आणि घर येईस्तोवर उरलेलं सगळं तयार झालं. डॉक्टर म्हणाले, बाहेर चालणं बंद. पडलीस, तर दुसऱ्यांदा उठणार नाहीस. घरीच यंत्रावर व्यायाम करायचा. तिनं पदरानं घाम पुसला. मग म्हणाली, डॉक्टर म्हणते तर करू. तिच्या घराण्यात डॉक्टरचा शब्द म्हणजे शेवटचा. मला ते माहीत होतं. म्हणून तर मी त्यांचंच नाव घेतलं.

मग यंत्र आणायला वर्ध्याला गेलो. निवड करण्यात मी कुणाला हार जाणारा नाही. चाक जड हवं, म्हणजे हिसके बसत नाहीत. पॅडलची झेप माणसाच्या पावलाएवढी हवी, आखूड असली तर गुडघे जातात. पायरी बुटकी हवी. वर छताला डोकं लागणार नाही, पंख्याला लागणार नाही, हे घरून मोजून नेलं होतं. दुकानातल्या माणसानं विचारलं, वापरणार कोण? माझ्यासाठीच, म्हणालो. तो आपला सहज बोलून गेला, की घरात कुणाचा तोल जात असेल तर हे देऊ नका, त्यांच्यासाठी ती टेकून बसायची सायकल बरी. सायकल बाजूलाच होती. मी तिच्यावर हातही फिरवला. पण सायकलवर बसवलं असतं, तर कुसुम म्हणाली असती, हे काही चालणं नाही, मला बाहेर न्या. क्रॉस ट्रेनर चालण्यासारखा दिसतो. हात हलतात, पाय हलतात, आणि माणूस जागचा हलत नाही. मला तेच हवं होतं. माझ्या सगळ्या विद्येचा उपयोग मी तेवढ्यासाठी केला.

समोरच्या खोलीत खिडकीशी तो छान मावला असता. मी मागच्या खोलीत ठेवला, तोंड भिंतीकडं करून.

डावा पाय पॅडलवर टिकेना. दोन फेऱ्या झाल्या की घसरायचा. मी शिकवत होतो — पाठ सरळ, दांडी घट्ट आवळू नको, टाच उचलू नको — पण ज्या पायाला टाच कुठं आहे हेच कळत नाही, त्याला काय सांगणार? पाय यंत्राला कधीही बांधू नये, हे मला माहीत होतं. माणूस कलंडला तर पाय सुटत नाही. एखाद्या पोरानं असं केलं असतं, तर मी त्याला मैदानाबाहेर काढलं असतं. तरी मी तिच्याच जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि तिचा पाय पॅडलला बांधला. दोन्ही हातांनी, नीट गाठ मारून. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोल जाऊ नये म्हणून. मी मान खाली घालून गाठ मारत होतो. वर पाहणं जमलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी ती चढते. भिंतीकडं तोंड करून चालते. सुरुवातीला मैत्रिणी यायच्या, बाहेर चल म्हणायच्या. ती सांगायची, डॉक्टरनं मनाई केली. हळूहळू त्या यायच्या थांबल्या. कोणाच्या लोणच्यात मीठ जास्त झालं, ते आता तिला कळत नाही. मुलगी पुण्याहून फोन करते, म्हणते, बाबा, तुम्ही आईचं किती करता. मी हं म्हणतो. डॉक्टरांकडं मी एकटाच जायचो, तिला उगीच कशाला दगदग म्हणत गोळ्या घेऊन यायचो. पाय दिवसेंदिवस लाकडासारखा होत चालला होता. मला दिसत होतं. हातचे महिने निघून चालले होते, आणि मी रोज सकाळी पट्टी बांधत होतो.

मग दसरा आला. नवमीला घरातली अवजारं-यंत्रं धुऊन पुजायची आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही, ही कुसुमच्या माहेरची रीत. तिनं मला पाट मांडायला लावला. क्रॉस ट्रेनर ओल्या फडक्यानं पुसला, दांड्यांना हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. लुगड्याची पट्टी धुऊन, घडी करून पॅडलवर ठेवली. मग एका हातानं दांडी धरून दुसऱ्या हातानं नमस्कार केला. मी दारात उभा होतो. तुम्ही असता, तर तुम्हाला तिथं उभं राहवलं असतं का? मी राहिलो. ती म्हणाली, उद्या डॉक्टरांना सोनं द्यायला जाऊ. त्यांच्या सांगण्यानं हे यंत्र एवढं चालवलं, त्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं पाहिजे.

मी पुष्कळ टाळलं. गर्दी असते, ते गावी गेले असतील, मीच देऊन येतो. ती हटली नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी ऑटो करून गेलो. डॉक्टर दवाखान्याच्या मागंच राहतात. आर्वीतली अर्धी माणसं त्यांच्या ओट्यावर होती. कुसुमनं त्यांच्या हातावर पान ठेवलं. त्यांनी तिला चार पावलं चालायला लावली आणि पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला.

"एवढ्या महिन्यांत पाय सुटायला हवा होता," ते म्हणाले. "मी सरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मशीन नको, हात धरून बाहेर चालवा. नेतात ना रोज?"

कुसुमनं माझ्याकडं पाहिलं. किती वेळ, सांगता येत नाही. मला वाटलं, आता संपलं. आणि खरं सांगू — संपावं, असंही वाटलं. मी तोंड उघडू शकलो असतो. नाही उघडलं.

"नेतात ना," ती म्हणाली. "रोज नेतात मले. हात धरून."

डॉक्टरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, नशिबाची गोष्ट आहे सर, तुम्ही तर काही कमी केलं नाही. लोक ऐकत होते. मी मान हलवली. ऐकलंत ना? मी मान हलवली आणि त्यांनी दिलेलं आपट्याचं पान खिशात ठेवलं.

परत येताना ऑटोत ती बाहेर बघत होती. घरी भांडेल, रडेल, भावाला फोन करेल — काहीही करो, पण काहीतरी करो, असं झालं होतं. तिनं कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची चप्पल हातात घेऊन मागच्या खोलीत गेलो. कुसुम, चल, म्हणालो. आज रस्त्यानं जाऊ. डेपोपर्यंत. मी हात सोडणार नाही. ती क्रॉस ट्रेनरच्या दांडीला धरून उभी होती. नवमीचा हार सुकला होता, तो तिनं काढून बाजूला ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. रागानं नाही. आजारी माणसाची समजूत काढावी तशी. "तुमाले बरं नाई वाटत लोकांत. मले त्याच दिवशी समजलं होतं, डेपोपाशी."

मग तिनं दोन्ही हातांनी डावा पाय उचलून पॅडलवर ठेवला आणि घडी केलेली पट्टी माझ्यासमोर धरली.

"बांधा."

मी चप्पल खाली ठेवली, गुडघ्यांवर बसलो आणि बांधला. आज सकाळीही बांधला.