तुडुमाजवळची दीड वीत

लोकसभेच्या निकालानंतरचा तिसरा दिवस, सकाळचे साडेसात. तलावाच्या पाळीवर दोघंच — मी आणि देवाजी. माप दीड वीत. हे माप मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

पवनीजवळच्या आमच्या गावात पावसाच्या आधी दरवर्षी तुडूम तपासतात. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार. बाजूची माती किती पोकळ झाली, ते मी खाली उतरून काठीनं मोजायचं, देवाजीनं वरून दोर धरायचा. आमचं घर मागावाल्यांचं, विणकरांचं. मापाला मी पक्का, असं गाव मानतं. चार बोटं पोकळ असलं तर चालतं. वीतभर झालं की आठ माणसं, चार दिवस, चिकण माती ठोकून भरायची.

त्या निवडणुकीत मी महिनाभर घरोघरी फिरलो होतो, बूथवर बसलो होतो. देशात हरलो ते एकवेळ गिळलं असतं — पण आमच्या बूथवरही हरलो. मग मी मनातल्या मनात बेरीज मांडली: मासेमार ढिवरांची चौदा घरं फिरली. खरंच फिरली होती का? मत गुप्त असतं, मला काय ठाऊक? पण आकडा जुळत होता, आणि जुळलेला आकडा मला नेहमीच खरा वाटतो.

देवाजी त्याच घरांतला. चौदा घरं मिळून तलावात मासे पाळायची. मी दार लावून बसलो होतो, तर तोच मला उठवायला आला. वाटेत म्हणाला, "सरकार दिल्लीले बसन, भाऊ. पानी तं आपल्याच तलावात राहाचं आहे." मला तो टोमणा वाटला. टोमणा नव्हता.

खाली उतरलो. काठी दीड वीत आत गेली. काढून परत घातली — दीड वीतच.

वरून त्यानं विचारलं, "टिकन का, भाऊ? मले बीज टाकाचं आहे."

"चार बोटं आहे. टिकन."

का म्हणालो? आठ माणसं गोळा करणं दरवर्षी माझ्याकडेच असायचं. वाटलं, ज्यांना निवडून दिलं त्यांनीच येऊन माती ठोकावी. रागाच्या भरात बोललो, असं लिहिणार होतो — पण राग नव्हता. मी शांत होतो.

श्रावणात तुडुमाची बाजू वाहून गेली. पाणी गेलं, माशांचं बीज गेलं. गाव म्हणालं, पाऊसच तसा होता. मीही तेच म्हणालो. दिवाळीच्या तोंडावर माझ्याही शेताच्या दोन बांध्यांतला धान पाण्यावाचून गेला. ते मी शिक्षेत धरत नाही.

तेव्हापासून निकाल कसाही लागो, दुसऱ्या दिवशी मी पाळीवर असतो. गाळ काढणं, माती टाकणं, ग्रामसभा — काही चुकवत नाही. लोक म्हणतात, भाऊनं हार मनाला लावून घेतली नाही. मी ऐकून घेतो.

एक राहिलं. आमच्याकडे पहिल्या जाळ्यातला वाटा तुडूम मोजणाऱ्याच्या घरी जातो. त्या वर्षी तलावात जाळंच पडलं नाही. तरी हिवाळ्यात एका दुपारी देवाजी दारात उभा — हातात अर्धा किलो मासोळी, पवनीच्या बाजारातून विकत आणलेली. म्हणाला, "तुमचा वाटा कसा बुडवू, भाऊ? तुम्ही तं उतरले होते."

मी वाटा घेतला. घरात आम्ही चौघं. चौघांनाही पुरला.