जनरेटरच्या बाजूने पाहिलेला नाच

टुक्... टुक्... टुक्. कळवणजवळच्या आमच्या गावात विहिरीवर पहिलं डिझेल इंजिन बसलं, त्याचा हा आवाज. मी दुसरीत होतो. तो ऐकायला वर्गातून उठून गेलो, तो परत गेलोच नाही! पुढं नाशकात आलो. जयंतीच्या मिरवणुकीत हातगाडीवरचा जनरेटर सांभाळला, लग्नं सांभाळली. आणि म्हातारपणी नशीब बघा, पोरापोरींच्या उघड्या रानातल्या इलेक्ट्रॉनिक नाचगाण्याच्या फेस्टिवलला जाऊन पोचलो. डिझेलच्या टाकीत तळाला गाळ बसतो, तसे तिथले किस्से साचलेत. टाकी जरा हलली की वर येतात. आज चहाला बसलोच आहोत, तर हलवतो.

*

पहिल्या वर्षी दिंडोरीच्या अलीकडं हिराबाईंचं रान घेतलं होतं, कांदा निघून गेलेलं. फेस्टिवल काढणारी रोहिणी, नाशकातलीच मुलगी, नोकरी सोडून यात पडलेली. ती मला बाबा म्हणते, मी तिला ताई. मंडपवाला लग्नांतला माणूस. त्यानं स्टेजसमोर खुर्च्यांच्या रांगा मांडल्या, पुढं दोन सोफे!

रोहिणीताईनं कपाळाला हात लावला. "काका, इथं लोक नाचायला येणारेत!"

"नाचतील की! पण दमल्यावर?"

गावातली मंडळी सोफ्यांवर बसली ती बसलीच. सरपंच म्हणाले, "नारळ फुटल्याशिवाय सुरू कसं करता?" मग परदेशातून आलेल्या डीजेच्या हातात नारळ दिला. त्याला वाटलं, प्यायला दिलाय. तो फिरवून फिरवून भोक शोधत राहिला! शेवटी मी त्याचा हात धरून जनरेटरच्या लोखंडी पायावर नारळ फोडून घेतला. तेव्हापासून नारळ स्टेजवर नाही, जनरेटरपाशीच फुटतो. एवढा मान माझ्या जनरेटर सेटला कुठल्याच लग्नात मिळाला नव्हता.

*

दुसऱ्या वर्षी साउंड तपासायला घेतला आणि हिराबाई हातात चेपलेला डबा घेऊन आल्या.

"तुमच्या त्या धाडधाडीनं माझी फळीवरची भांडी खाली आली! लय झालं, बंद करा!"

रोहिणीताईनं वाद घातला नाही. त्यांच्या घरी गेली, एकेक भांडं विसळलं, पुसलं, परत फळीवर लावून आली. सगळा साउंड तोवर गप्प!

पुढच्या वर्षी हिराबाई सकाळीच बांधावर उभ्या. "भांडी उतरवून ठेवलीत! लावा आता!"

आता बाहेरून आलेली शिकलेली मुलंसुद्धा बटण दाबायच्या आधी विचारतात, "हिराबाईंची भांडी उतरली का?"

*

साउंड सांभाळतात मालेगावचे शरीफभाई. आधी यंत्रमागावर होते. मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथं ते हातानं बोलायचे. चिमूट धरून झटकन सोडली की धागा तुटला, म्हणजे काहीतरी बिघडलंय. तळहात मागातल्या धोट्यासारखा इकडून तिकडं फिरवला की चालू दे. लांब साउंडच्या टॉवरवरून शरीफभाई मला असंच सांगायचे.

एकदा एका मुलीनं माझ्यापुढं माइक धरला. "आजोबा, तुमचा आवडता डीजे कोण?"

"जो लोड हळूहळू वाढवतो तो."

शरीफभाई शेजारून म्हणाले, "चाचा, नाम तो बताओ!"

नाव कुठलं माहीत! मी गाणी कधी ऐकलीच नाहीत. मी सेट ऐकायचो. ठोका पडला की इंजिन जरा दबतं, पुन्हा उचलतं. तेच माझं संगीत.

*

मग माझे कान जायला लागले. फक्त घरच्यांना माहीत. ऐकू न येणाऱ्या जनरेटरवाल्याला कामावर कोण ठेवील? आणि मला तिथून जायचं नव्हतं. त्या दोन दिवसांची मी वर्षभर वाट बघायचो.

त्या वर्षी दिवस नुकताच मावळला होता. डीजेनं गाणं मध्येच थांबवलं. मुद्दाम थांबवतात ते. आधी शांतता, मग एकदम दणका. मी पाहिलं तर लोडचा काटा खाली, आणि अंगाला ठोका लागेना. इंजिन सुरूच होतं, पण माझ्या कानांना ते कळलं नाही. सेट बंद पडला समजून मी धावत जाऊन पहिला तोडला, दुसऱ्या सेटचा खटका ओढला!

सगळं रान अंधारात. एक क्षण, दोन क्षण... आणि लाइट आले त्याच वेळी दणका! डीजेच्या टेबलाला बॅटरी होती म्हणून वाचलो. लोक तर वेडे झाले. डीजेनं खाली येऊन मला मिठी मारली. तो काय म्हणाला ते त्या गोंगाटात रोहिणीताईनं मला लिहून दाखवलं: "असा अंधार मला प्रत्येक कार्यक्रमात पाहिजे!"

शरीफभाई मात्र हसले नाहीत. लांबून माझ्याकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून ते अगदी शेजारी उभे असले तरी माझ्याशी हातानंच बोलायला लागले. विचारलं काहीच नाही. असा माणूस भेटायला भाग्य लागतं.

*

कोरोनाच्या वर्षी फेस्टिवल झालाच नाही. ठरलेल्या दिवशी दुपारी रोहिणीताईचा फोन आला. सुनेनं उचलला आणि मला खुणेनं सांगितलं, ताईंना सेट ऐकायचाय.

अंगणात सेट सुरू केला, सुनेनं फोन त्याच्यासमोर धरला. शेजारी धावत आले. ओठांवरून मला कळलं. "बाबा, लाइट गेली का?"

"नाही."

"मग?"

मी सेटच्या अंगावर तळहात ठेवून उभा होतो. त्या दिवशी कळलं, हाताला सगळं ऐकू येतं. ती तिकडं कानानं ऐकत होती, मी इकडं हातानं.

*

यंदा फेस्टिवल फार मोठा झाला. मुंबईहून नवा तंत्राचा साहेब आला. मुलगा चांगला, कामाला कडक. त्यानं प्रत्येकाला वॉकीटॉकी दिला.

शरीफभाईंनी माझा परत केला. "चाचा के सेट के पास खरखर होती है, साहब. मैं हाथ से बोल दूँगा."

साहेबाला ते पटलं नसावं. दुपारी मी दोन नंबरच्या सेटवर हात ठेवून उभा होतो. वळलो तर साहेब माझ्या मागंच. किती वेळ हाका मारत होता कोण जाणे!

मी म्हणालो, "साहेब, दोन नंबर बंद करा. आत बेअरिंग घासतंय."

सेट थांबवून उघडला. बेअरिंग काळं पडलं होतं. साहेबानं ते पाहिलं, मला पाहिलं, आणि सरळ रोहिणीताईकडं गेला. आपल्या कानाला बोट लावून तिला सांगत होता. त्याचं चुकत नव्हतं. टॉवरवर शरीफभाई मान खाली घालून बसले होते.

मी पान्हे पुसून पिशवीत भरले, वर जेवणाचा डबा ठेवला. इतकी वर्षं मिळाली, पुष्कळ मिळाली, असं सेटला हात लावून मनातल्या मनात म्हटलं.

रोहिणीताई रान ओलांडून आली. माझ्यासमोर उभी राहिली. पिशवीकडं पाहिलं. मी तिच्या ओठांकडं बघत होतो, पण ओठ हललेच नाहीत.

तिनं तळहात वर केला, धोट्यासारखा इकडून तिकडं फिरवला, आणि स्टेजकडं निघून गेली.